बिनविरोध नाना

नानांना देवाने सगळं दिलं आहे. महिनाअखेरीस न चुकता पेन्शन, पीजीआयच्या ओपीडीत ओळखीचा डॉक्टर, चंदीगडच्या दक्षिणेकडच्या सेक्टरांत तीन खोल्यांचा फ्लॅट आणि वाईच्या वाड्यात एक अष्टमांश वाटा. एकच गोष्ट आपल्याला मिळाली आहे की नाही, याची त्यांना अजून खात्री पटलेली नाही. ती म्हणजे स्वातंत्र्य.

"मला एक सांग, आपण खरंच स्वतंत्र आहोत का?" हा प्रश्न ते कोणालाही, कधीही विचारतात. सिलिंडर घेऊन आलेल्या पोराला विचारतात, बँकेत केवायसी मागणाऱ्या मुलीला विचारतात. खालच्या मजल्यावरच्या सरदारजींना विचारला तेव्हा त्यांनी गाडी पुसता पुसता उत्तर दिलं, "आज़ाद तो हैं नानाजी, पर पार्किंग नहीं मिलती." नानांच्या मते रूसोनंतर इतकं नेमकं कोणी बोललेलं नाही.

रूसोचं नाव त्यांच्या तोंडी तसं रोजचंच. इंग्रज स्वतःला स्वतंत्र समजतात, पण पार्लमेंटचे सभासद निवडून देण्यापुरतेच ते स्वतंत्र असतात आणि निवडून दिले की पुन्हा बंदे, असं त्याने 1762 मध्ये लिहून ठेवलं. "आता गंमत बघ," नाना म्हणतात, "रूसो जिनिव्हाचा. आणि आपल्याला हे शहर आखून देणारा ल कॉर्बुझिए, तोही जन्माने स्विसच. एका स्विस माणसाने सांगितलं की तुम्ही स्वतंत्र नाही, आणि दुसऱ्याने दाखवून दिलं की नसलात तरी किती नीट राहता येतं."

नाना केंद्र सरकारच्या एका कचेरीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले. अर्ध्या बाह्यांचा खादीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळं अर्ज लिहायला, लाल दुसऱ्याचे अर्ज तपासायला. काखेत इलॅस्टिकची प्लॅस्टिक फाइल. तिच्यात राज्यघटनेची खिशात मावणारी प्रत, माहिती अधिकाराच्या अर्जांच्या झेरॉक्स आणि दहा-दहा रुपयांच्या कोऱ्या पोस्टल ऑर्डरी. इतर लोक सुटे पैसे बाळगतात तशा नाना पोस्टल ऑर्डरी बाळगतात. सरकारला कधी काय विचारावंसं वाटेल, सांगता येत नाही.

चंदीगडचा नागरिक हा भारतीय लोकशाहीतला सगळ्यांत विचित्र प्राणी आहे, हा नानांचा सिद्धांत आणि तो खोडून काढणं अवघड आहे. 1 नोव्हेंबर 1966 ला पंजाबातून हरियाणा वेगळा काढला, तेव्हा दोघांनाही हे शहर हवं होतं. केंद्राने ते दोघांचीही राजधानी केलं आणि स्वतःकडे ठेवलं. कॉर्बुझिएच्या त्या प्रसिद्ध विधानभवनात आज एका छपराखाली दोन विधानसभा भरतात आणि त्यांतल्या एकीलाही चंदीगडकराचं मत चालत नाही. "दारात दोन विहिरी, आणि आपण कोरडे," नाना सांगतात. पंजाबचे राज्यपाल हेच आमचे प्रशासक. त्यांना निवडून देण्याचा प्रश्नच येत नाही. आमच्या वाट्याला लोकसभेचा एक खासदार आणि महापालिकेचे 35 नगरसेवक. महापौर असतो, पण वर्षभरापुरता. नव्या महापौराला आपल्या दालनातली दिव्यांची बटणं पाठ होईपर्यंत पुढची निवडणूक येते, असं नानांचं निरीक्षण.

इतकं दुःख सांगून झालं की माणूस गहिवरतो. पण पुण्याहून पुतण्या आला की तेच नाना वेगळे होतात. त्याला ते गाडीत बसवतात, मध्य मार्गावरून एक चक्कर मारून आणतात आणि छाती काढून म्हणतात, "खड्डा दाखव! एक दाखव! तुमच्याकडे आमदार आहेत, नगरसेवक आहेत, आणि खड्डेही आहेत."

पुतण्याही पुण्याचाच. तो म्हणाला, "नाना, 2022 च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं पुण्यातही नगरसेवक नव्हते. प्रशासकच होता. खड्डे मात्र लोकशाहीतले होते तेवढेच राहिले."

यावर नाना थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. आपल्याला मत नसलं म्हणून काय झालं, राज्य आपणच केलं आहे! पुण्याचे काकासाहेब गाडगीळ 1958 पासून 1962 पर्यंत पंजाबचे राज्यपाल होते, इथेच राहिले. लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर 2010 ते 2015 राज्यपाल आणि चंदीगडचे प्रशासक. स्वतः मत देऊन राज्य मिळवण्यापेक्षा दिल्लीहून परस्पर मिळालेलं राज्य किती सुबक असतं, याचं वर्णन करताना नानांना आपला मूळ सिद्धांत आठवतच नाही.

कायदा पाळण्यातही नानांचं शास्त्र आहे. पहाटे सुखना तळ्याकडे फिरायला निघालं की वाटेत लाल दिवा लागतो. चारही बाजूंना चिटपाखरू नसतं. नाना गाडी पांढऱ्या रेषेच्या वीतभर मागे उभी करतात, इंजिन बंद करतात आणि आकडे उलटे मोजत बसतात. मी एकदा विचारलं, "नाना, कॅमेरा आहे म्हणून थांबलात ना?"

"हो."

"आणि नसता तर?"

"तर मी स्वतंत्रपणे थांबलो असतो."

पण त्यांच्याबरोबर मोहालीला गेलो, तेव्हा हद्द ओलांडताच त्यांनी सीटबेल्टचं बक्कल खट्कन सोडलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "इथून पंजाब सुरू होतो. इथे नागरिक थोडा जास्त स्वतंत्र आहे." परत येताना हद्दीच्या अलीकडे बेल्ट आपोआप लागला. हाताला सवय आहे. डोक्याला विचारावंच लागत नाही. नानांच्या एकट्याचं हे नव्हे, चंदीगड, मोहाली आणि पंचकुला मिळून होणाऱ्या ट्रायसिटीत निम्म्या गाड्यांतून हद्दीवर हीच कवायत चालते.

मागच्या गॅलरीचं प्रकरणही असंच. ती नानांनी फायबरच्या पत्र्याने झाकून घेतली. इथे त्याला 'नीड बेस्ड चेंज' म्हणतात आणि कोणती गरज खरी, यावर वर्षानुवर्षं अर्ज, मोर्चे आणि समित्या चालू आहेत. "माझ्या घरात मी सार्वभौम आहे," नाना म्हणाले. त्याच आठवड्यात सरदारजींनी मागच्या अंगणात जिना बांधायला काढला. नानांनी निळ्या पेनाने तीन पानी तक्रार केली. तक्रारीची चौकशी करायला माणूस आला, त्याने जिना पाहिला आणि मान वर करून पत्राही पाहिला. नोटिसा दोघांनाही आल्या. आता दोघे मिळून एकाच रांगेत उभे असतात, एकाच थर्मासमधला चहा पितात आणि सरदारजींच्या अर्जातलं इंग्रजी नाना लाल पेनाने सुधारून देतात.

पाहुण्यांना नाना दोन ठिकाणी नेतातच. पहिलं म्हणजे कॅपिटॉल. तिथे कॉर्बुझिएच्या कल्पनेतला तो 26 मीटर उंचीचा उघडा हात आहे. कॉर्बुझिए 1965 मध्ये गेला आणि हात उभा राहिला 1985 मध्ये. वाऱ्याबरोबर तो फिरतो. "पक्षांतरबंदीचा कायदाही त्याच साली आला," नाना आठवण करून देतात, "पण तो हाताला लागू नाही." हाताच्या पायथ्याशी जमिनीत खोल उतरणारा एक चौक आहे. नागरिकांनी तिथे जमावं, पायऱ्यांवर बसावं आणि सार्वजनिक प्रश्नांचा खल करावा, अशी कॉर्बुझिएची कल्पना होती. त्याने त्याला नावच विचारविनिमयाचा खड्डा असं दिलं. म्हणजे चंदीगडात खड्डा आहे. नकाशात आखलेला, मंजूर झालेला. फक्त तिथे जायचं तर ओळखपत्र दाखवून, ठरलेल्या वेळी, गाइडच्या मागून जावं लागतं. नाना दर खेपेला पायऱ्यांवर बसतात आणि सुरुवात करतात, "मला एक सांग, आपण खरंच..." तेवढ्यात गाइड अदबीने म्हणतो, "सर, अगला ग्रुप आ रहा है."

दुसरं ठिकाण रॉक गार्डन. इथे नानांची खरी पंचाईत होते. नेकचंद हा सरकारी बांधकाम खात्यातला रोड इन्स्पेक्टर. विटेचा रंगसुद्धा ठरवून दिलेल्या या शहरात, सुखनाजवळच्या राखीव रानात, कोणाला न विचारता त्याने रात्री-बेरात्री फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि पाडलेल्या गावांतला राडारोडा जमवून आपलं एक राज्य उभारलं. वर्षानुवर्षं कोणाला पत्ता नव्हता. सापडलं तेव्हा नियमाप्रमाणे पाडायला हवं होतं. त्याऐवजी 1976 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं, नेकचंदलाच पगारावर तिथे नेमलं, मजूर दिले आणि 1984 मध्ये पद्मश्रीही दिली. "अख्ख्या शहरात स्वतंत्र माणूस एकच निघाला," नाना म्हणतात, "आणि तो निघाला सरकारी नोकर." हे म्हणताना त्यांच्या आवाजात कौतुक असतं आणि थोडा मत्सरही. सदतीस वर्षांच्या नोकरीत नानांनी कचेरीतून एक टाचणीसुद्धा घरी आणलेली नाही. त्यांना राहून राहून वाटतं, आणायला हवी होती का?

सकाळच्या फिरण्यात नाना चारच माणसं घेतात. पाचवा आला की त्याला दहा पावलं मागे चालायला लावतात. कारण पाच किंवा अधिक लोकांच्या जमावाला मनाई करणारा आदेश शहरात अधूनमधून निघतो. जाहीर निषेध करायचा तर त्यासाठी सेक्टर 25 चं रॅली ग्राउंड नेमून दिलेलं आहे. "पूर्वी कलम 144 होतं, जुलै 2024 पासून 163 झालं," नाना समजावतात. "आकडा वाढला, माणसं तेवढीच." आम्ही निषेध करत नसतो, गुडघेदुखीवर बोलत असतो, हे त्यांना मान्य आहे. पण गुडघेदुखीवरून बोलणं पीजीआयवर येतं, पीजीआयवरून सरकारवर, आणि मग आपण कोण ठरतो?

हे सगळं थट्टेवारी चाललेलं असताना 30 जानेवारी 2024 उजाडला. महापौराची निवडणूक. मतं 36: नगरसेवक 35 आणि खासदार एक. बेरजेने एका बाजूला 20, दुसरीकडे 16. निर्वाचन अधिकाऱ्याने वीसवाल्यांची 8 मतं बाद ठरवली आणि सोळावाला विजयी झाला. मतपत्रिकांवर खुद्द अधिकारीच पेन चालवत असल्याचं चित्रीकरण देशभर फिरलं. सर्वोच्च न्यायालयात ते पाहून सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी हा लोकशाहीचा खून असल्याचं म्हटलं आणि 20 फेब्रुवारीला न्यायालयाने निकालच फिरवून ती आठ मतं वैध धरली. त्या दिवशी नानांनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. "शेवटी मराठी माणसानेच सोडवलं की नाही?"

तो पेन चालवणारा हात मात्र नानांच्या मनातून जाईना. अनोळखी माणसालाही ते मोबाइलवर ती फीत दाखवत. "बघ, बघ, आता कॅमेऱ्याकडे बघतोय. निर्वाचन अधिकाऱ्याच्या हातात पेन असताच कामा नये!"

आता इथे सांगायला हवं की नाना आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आहेत. कधीपासून, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. मंडळाची घटना नानांनी लिहिली आहे, तिच्यात दर दोन वर्षांनी निवडणूक आहे, आणि निवडणूक अशी होते: वार्षिक सभा गणपतीनंतरच्या रविवारी. आधी नानांचं भाषण. त्यात बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं घटना समितीतलं भाषण असतंच. थोरातल्या थोर माणसाच्या पायाशीही आपलं स्वातंत्र्य वाहू नका, असं बाबासाहेबांनी जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला देऊन बजावलं होतं, हे सांगताना नानांचा आवाज कापतो. टाळ्या होतात. मग नानांना शाल-श्रीफळ देतात, नव्याने आलेली दोन-तीन पोरं त्यांच्या पाया पडतात, आणि खजिनदार काकू म्हणतात, "पुढची दोन वर्षंही नानाच. कोणाची हरकत?" हरकत कोणाची कशी असेल? मागे मसालेभाताचं पातेलं उघडलेलं असतं.

कामं तरी कोणाला हवी आहेत? गणपतीची मूर्ती आणायची, दहा वाजता स्पीकर बंद करायच्या अटीवर परवाना काढायचा, विसर्जनाला कुठे परवानगी आहे ते विचारायचं, फराळाचे पैसे वसूल करायचे. काही अडलं की आमचं सगळ्यांचं एकच वाक्य तयार असतं: "तुम्हीच बघा, नाना." त्या वाक्याच्या जोरावर आम्ही सगळे वर्षभर मोकळे.

पेढ्यांच्या पुढच्या वर्षी मात्र सभेत भलतंच झालं. पीजीआयमध्ये रेसिडेंट असलेली नागपूरची एक मुलगी उभी राहिली. "नाना, या वेळी गुप्त मतदान घेऊ या. तुमच्या तोंडावर 'नाही' म्हणायला हात कसा वर करणार?"

नाना म्हणाले, "अगं, महापालिकेने नुकतंच उलट ठरवलं! आता महापौरही हात वर करून निवडायचा. आपण शहराच्या पुढे होतो, आणि तू आपल्याला मागे नेतेस?" पण गुप्त मतदानावर नानांचा जो राग आहे, त्याचं खरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. इतक्या निवडणुका झाल्या, त्यांच्या पत्नी माई कोणाला मत देतात ते त्यांना अजून कळलेलं नाही.

तरी तत्त्वाचा प्रश्न आला की नाना मागे हटत नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे मतपत्रिका केल्या. उमेदवार एकच होता, म्हणून न्यायाने त्याखाली स्वतःच्या हाताने 'वरीलपैकी कोणीही नाही' असा रकाना आखला. पेटी म्हणून बाकरवडीचा रिकामा डबा. मोजणी करायलाही उमेदवाराशिवाय कोणी पुढे येईना, तेव्हा नानांनी मोबाइल खिडकीत टेकवून चित्रीकरण सुरू केलं, खिशातली दोन्ही पेनं काढून माईंच्या हवाली केली आणि दोन्ही तळवे कॅमेऱ्याला दाखवले. त्यांचा खिसा मी प्रथमच रिकामा पाहिला. शाईच्या जुन्या डागाशिवाय त्यात काही नव्हतं.

मोजणी झाली. नाना 11. कोणीही नाही, 17. एक मत बाद. त्यावर 'चहा गार होता' असं लिहिलं होतं.

खोलीत अशी शांतता पसरली की पातेल्यावरचं झाकण थरथरलेलं ऐकू यावं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकट्यानेच गंमत केली. नानांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, "2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मतदाराला हा पर्याय मिळाला. परंतु लोकसभा-विधानसभेच्या नियमाप्रमाणे 'कोणीही नाही'ला कितीही मतं पडली, तरी उमेदवारांत ज्याला सर्वाधिक तोच विजयी. सबब, मी निवडून आलो आहे."

यावर मागच्या रांगेतून आवाज आला, "चूक!" नाशिकहून लेकीकडे आलेले एक गृहस्थ होते, महापालिकेतून निवृत्त झालेले. "महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये आदेश काढला आहे. स्थानिक स्वराज्य संस्थेत 'नोटा' पहिला आला तर फेरनिवडणूक. तुमचं मंडळ मराठी, नियमही मराठी लावा."

"आपण केंद्रशासित आहोत," नाना म्हणाले.

"मग पंचकुल्याचा लावा, पाच मैलांवर तर आहे," नागपूरची डॉक्टरीण म्हणाली. मोबाइलवर तिने शोधून काढलं होतं. "हरियाणात नगरपालिकेला 'नोटा'खाली मतं पडलेला उमेदवार फेरनिवडणुकीत उभासुद्धा राहू शकत नाही."

नानांनी नाशिककरांना आठवण करून दिली की पाहुण्यांना बोलायचा हक्क आहे, मताचा नाही. "मग मीही चंदीगडकरच झालो म्हणायचं," ते म्हणाले. आता मात्र नानांना उत्तर सुचलं नाही. "ठीक. आत्ताच फेरनिवडणूक घेऊ. मी उभा नाही. कोण उभं राहतंय?"

डॉक्टरणीला महिनाभर नाइट होती. खजिनदार काकूंच्या सुनेचे दिवस भरत आले होते. एका कर्नलसाहेबांना पोस्टिंग यायचं होतं, आणि माझी मार्चमध्ये बदली होण्याची शक्यता होती. ती दर मार्चमध्ये असते. मग कोणीतरी पातेल्याकडे बघत ते वाक्य म्हटलं. बाकीच्यांनी मान डोलावली, आणि या वेळी आवाजी मतदानाने, बिनविरोध.

पंगत उठल्यावर नाना सतरंज्या झटकत होते. मी दुसरं टोक धरलं. मला राहवेना. "नाना, राग नाही ना? सतरा जण म्हणजे..."

"त्यातला एक मी," नाना म्हणाले.

"तुम्ही? स्वतःविरुद्ध?"

"मग काय करू? इतकी वर्षं वाट बघतोय, एखादा तरी उभा राहील. सतरा जणांना मी नको, आणि सतरातल्या एकालाही ते काम नको. मला आजवर वाटायचं, आपलं स्वातंत्र्य दिल्लीत कोणीतरी अडवून ठेवलंय. अरे, ते कोणी घ्यायलाच येत नाही." त्यांनी सतरंजीची घडी माझ्या हातात दिली आणि माईंकडून दोन्ही पेनं परत घेतली. "तुम्ही सगळे स्वतंत्र आहात, बाबा. अडकलाय तो निवडून आलेला. आता असं कर, उद्या हॉलच्या डिपॉझिटचा अर्ज लिहून आण. दोन प्रतींत. लाल पेन मी आणतो."